ऑक्सिटोसिनविषयीचे गैरसमज

ऑक्सिटोसिन हे मानवासह बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मेंदूत तयार होणारे संप्रेरक आहे. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणे आणि दुग्धग्रंथींतील दूध सडांकडे किंवा स्तनाग्राकडे ढकलणे ही त्याची दोन प्रमुख कार्ये होत. प्रयोगशाळेत तयार केलेले ऑक्सिटोसिन प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठी औषध म्हणून वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

भारतात मात्र हे औषध प्रसूतिगृहापेक्षा गोठ्यामुळे अधिक परिचित आहे. दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यास भाग पाडण्यासाठी त्याचा गैरवापर होत आल्याने त्याच्याभोवती अनेक समज निर्माण झाले. इंजेक्शन दिलेल्या म्हशीच्या दुधाने मुली लवकर वयात येतात, भोपळे व कलिंगडे याच औषधाने रातोरात फुगवली जातात, द्राक्षांचे मणी व ब्रॉयलर कोंबड्या यानेच वाढतात, असे दावे समाजमाध्यमांवर वारंवार फिरतात. त्यांत जनावरांच्या छळासंबंधीचा एक खरा प्रश्न आणि अनेक निराधार निष्कर्ष एकमेकांत मिसळलेले आढळतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत दुग्धव्यवसाय, द्राक्षबागा, भाजीपाला आणि डोंगराळ भागातील बाळंतपणे या सर्वांशी हा विषय जोडलेला असल्याने तो तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

नाव आणि शोध

‘ऑक्सिटोसिन’ हे नाव ‘शीघ्र प्रसूती’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पीयूषिका ग्रंथीच्या पश्च भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते, असे दाखवून दिले. १९०९ मध्ये विल्यम ब्लेअर-बेल यांनी या अर्काचा प्रसूतिशास्त्रातील उपयोग मांडला. त्याच अर्कामुळे दूध बाहेर येते, हे १९१० मध्ये दिसून आले. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ मध्ये या संप्रेरकाची रचना उलगडली व ते प्रयोगशाळेत तयार केले. या कार्यासाठी त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऑक्सिटोसिन नऊ अमायनो आम्लांच्या साखळीने बनलेले आहे. अशा लहान साखळीला पेप्टाइड म्हणतात. ते स्टेरॉइड नाही आणि लैंगिक संप्रेरकही नाही. पुढे दिलेल्या अनेक दाव्यांची पारख करताना ही एकच गोष्ट निर्णायक ठरते.

शरीरातील कार्य

ऑक्सिटोसिन मेंदूतील अधश्चेतक या भागात तयार होते आणि पीयूषिका ग्रंथीच्या पश्च भागातून रक्तात सोडले जाते. रक्तात ते अल्पकाळ टिकते. काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्म्यावर येते.

वासरू सडाला ढुसण्या देऊ लागले किंवा धार काढणाऱ्याने कास धुऊन चोळली की तो संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातो. साधारण मिनिटभरात ऑक्सिटोसिन रक्तावाटे कासेपर्यंत पोहोचते. तेथील दूधपेशींभोवतीच्या सूक्ष्म स्नायुपेशी आकुंचन पावतात आणि साठलेले दूध खाली उतरते. यालाच मराठीत ‘पान्हा’ म्हणतात. जनावर घाबरले, त्याला मार बसला किंवा धारेला अनोळखी माणूस बसला, तर अॅड्रेनलीन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा अडतो. ‘म्हशीने पान्हा चोरला’ या म्हणण्यामागे ही शरीरक्रिया आहे.

ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही. कासेत तयार असलेले दूध बाहेर काढते. एकूण दूध जनावराची जात, वेताचा काळ, चारा, आंबोण व पाणी यांवर अवलंबून असते.

प्रसूतीमधील उपयोग

बाळ जन्मल्यानंतर वार सुटते. त्या ठिकाणच्या रक्तवाहिन्या गर्भाशय घट्ट आवळले गेले तरच बंद होतात. गर्भाशय सैल राहिल्यास थोड्या वेळात मोठा रक्तस्राव होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावामुळे जगात दरवर्षी सुमारे ७०,००० स्त्रियांचा मृत्यू होत होता. तो टाळण्यासाठी बाळ जन्मताच मातेला १० आंतरराष्ट्रीय एकके ऑक्सिटोसिन स्नायूत किंवा शिरेत द्यावे, अशी संघटनेची शिफारस आहे. ही शिफारस सर्वच प्रसूतींना लागू आहे. कोणत्या मातेला रक्तस्राव होईल हे पुष्कळदा आधी सांगता येत नाही, हे त्याचे कारण होय.

बाळंतपणापूर्वी, कळा सुरू करण्यासाठी वा वाढवण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन ही वेगळी बाब आहे. त्या वेळी ते सलाइनमधून अगदी अल्प प्रमाणात, थेंबांचा वेग मोजून आणि बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत दिले जाते. बाळ पोटात असताना ‘कळांचे इंजेक्शन’ म्हणून ते घरी एकदम टोचल्यास गर्भाशय फाटण्याचा, तसेच बाळाला प्राणवायू कमी पडण्याचा धोका असतो. औषध एकच असले तरी बाळ जन्मण्यापूर्वी व जन्मल्यानंतर त्याचे नियम निरनिराळे आहेत. एका प्रसंगाविषयीची सूचना दुसऱ्या प्रसंगाला लावल्याने दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. कोणी ते घरी टोचून घेण्याचा धोका पत्करतात, तर कोणी प्रसूतीनंतरच्या आवश्यक इंजेक्शनालाही नकार देतात.

ऑक्सिटोसिन उष्णतेने निकामी होते. ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. शीतपेटीबाहेर दीर्घकाळ राहिलेली कुपी दिसायला तशीच स्वच्छ असते. परंतु तिची परिणामकारकता घटलेली असू शकते. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन हे त्याच कुळातील औषध आहे. दहा देशांतील सुमारे ३०,००० स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत भारताचाही सहभाग होता. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने रक्तस्राव रोखण्याच्या पर्यायांत त्याचा समावेश केला.

दुभत्या जनावरांतील वापर व गैरवापर

पशुवैद्यकात ऑक्सिटोसिनचे मान्य उपयोग आहेत. प्रसूतीत गर्भाशयाचे आकुंचन मंद असल्यास किंवा काही कारणाने पान्हा अजिबात उतरत नसल्यास पशुवैद्य ते वापरतात. रोजच्या धारेपूर्वी ते टोचणे हा गैरवापर होय.

या गैरवापराचे मूळ बहुधा वासराच्या अभावात असते. शहरालगतच्या गोठ्यांत रेडकू लवकर विकले जाते किंवा दगावते. म्हैस रेडकावाचून सहजासहजी पान्हावत नाही. पूर्वी मेलेल्या पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची रीत होती. ‘फुका’ नावाची क्रूर रीतही प्रचलित होती. त्यात जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून पान्हा उतरवला जाई. योनिमार्गाच्या उद्दीपनाने ऑक्सिटोसिन स्रवते, त्यामुळे या रीतीने दूध उतरत असे. इंजेक्शनाने या रीतींची जागा घेतली. संकरित होल्स्टीन गाई सर्वसाधारणपणे वासराशिवायही पान्हा सोडतात. त्यामुळे त्यांच्या बाबतीत या इंजेक्शनाची गरज तुलनेने कमी भासते.

रोजच्या इंजेक्शनाचे जनावरावर होणारे परिणाम वास्तविक आहेत. सतत बाहेरून ऑक्सिटोसिन मिळालेले जनावर पुढे स्वतःच्या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि सुई टोचल्याशिवाय दूध सोडेनासे होते. एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यास गाठी व संसर्ग होतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार फुका, तसेच दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास घातक ठरणारे इंजेक्शन देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गोठ्यांत पोहोचणारा बेकायदा माल बहुधा नावनिशाणी नसलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून येतो. त्याची तीव्रता व शुद्धता अज्ञात असते. कायदेशीर उत्पादकांच्या छापील कुप्यांशी या मालाचे साधर्म्य केवळ नावापुरते असते.

जुन्नर व आंबेगाव परिसर

कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या दोन तालुक्यांचे स्वरूप पूर्वेकडे व पश्चिमेकडे भिन्न आहे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे पूर्वेकडील गावांत ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे घेतली जातात. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्याबाहेरही परिचित आहे. शेतीला जोड म्हणून गाई-म्हशी व कोंबड्या पाळल्या जातात, आणि गावोगावच्या संकलन केंद्रांतून दूध मोठ्या दुग्धालयांकडे जाते.

संकलन केंद्रावर दुधाचे फॅट व एसएनएफ म्हणजे स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ मोजले जातात. या मोजणीत ऑक्सिटोसिन कळत नाही. दूध उकळून, त्याचा रंग पाहून किंवा त्यात घरगुती पदार्थ टाकून ऑक्सिटोसिन ‘ओळखण्याच्या’ ज्या युक्त्या प्रसारित होतात, त्यांना आधार नाही. हे संप्रेरक कोणत्याही नैसर्गिक दुधात अत्यल्प प्रमाणात असतेच, म्हणून केवळ त्याच्या अस्तित्वावरूनही इंजेक्शन दिल्याचे सिद्ध होत नाही.

पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा असून आहुपे, तळेघर, घाटघर, हातवीज अशा गावांत मुख्यतः महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय, तर घोडेगाव, जुन्नर व नारायणगाव येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. घाटमाथ्यावरील वस्त्यांपासून तेथे पोहोचण्यास, विशेषतः पावसाळ्यात, बराच वेळ लागतो. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. म्हणून अशा भागात जवळच्या आरोग्य केंद्रातील शीतपेटीत ऑक्सिटोसिनची कुपी असणे आणि ती देणारी प्रशिक्षित परिचारिका असणे याला मोठे महत्त्व आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८–२० च्या आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. राज्याची सरासरी चांगली असली तरी दुर्गम भागातील अंतराची अडचण सरासरीत दिसत नाही.

प्रचलित दावे आणि वस्तुस्थिती

इंजेक्शन दिलेल्या जनावराचे दूध

इंजेक्शन दिलेल्या म्हशीच्या दुधातून ऑक्सिटोसिन माणसाच्या शरीरात जाते व अपाय करते, असा दावा केला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंजेक्शन दिलेल्या म्हशींच्या दुधातील ऑक्सिटोसिनचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, तसेच पचनक्रियेसारख्या स्थितीत ते विघटित होते, असे दिसून आले. ऑक्सिटोसिन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणे पचते. रुग्णालयात ते तोंडाने न देता टोचून देतात, त्याचे कारणही हेच आहे.

मुलींचे लवकर वयात येणे

वयात येण्याची क्रिया मेंदू, पीयूषिका व बीजांडकोश यांच्या साखळीने चालते. तीत इस्ट्रोजेनसारखी लैंगिक संप्रेरके काम करतात. ऑक्सिटोसिन या साखळीतील घटक नाही. मुलींचे वयात येण्याचे वय काळानुसार कमी झालेले आढळते. त्याचा संबंध पोषण व शरीराचे वजन यांच्याशी लावला जातो. आठ वर्षांच्या आत लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांची तपासणी आवश्यक असते. केवळ दूध बंद करून थांबल्यास खऱ्या कारणाचे निदान लांबणीवर पडण्याची शक्यता असते.

भोपळा व कलिंगड

वनस्पतींना ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी यंत्रणा नसते. गर्भाशय किंवा दुग्धग्रंथी तर नसतातच. वेलीला वा फळाला हे औषध टोचल्याने फळ फुगते, याला वैज्ञानिक आधार नाही. टोचलेले फळ उलट त्या जागी कुजण्याची शक्यता अधिक असते. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी असा प्रयोग केल्याच्या बातम्या येतात. परंतु कोणी एखादी गोष्ट केली म्हणून ती परिणामकारक होती असे ठरत नाही.

द्राक्षे व टोमॅटो

या दाव्यामागे शब्दाचा गोंधळ आहे. वनस्पतींची स्वतःची संप्रेरके असतात: ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन व अॅब्सिसिक आम्ल. ‘ऑक्झिन’ व ‘ऑक्सिटोसिन’ यांच्या नावांतील उच्चारसाम्य गोंधळात भर घालते. जपानी शास्त्रज्ञ इइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये भाताची रोपे अवाजवी उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या अभ्यासातून जिबरेलिनचा मार्ग दाखवला. बिनबियांच्या द्राक्षात बी नसल्याने बियांतून मिळणारे जिबरेलिन मण्याला अपुरे पडते व मणी लहान राहतो. म्हणून बागायतदार जिबरेलिक आम्लाची फवारणी करतात किंवा त्याच्या द्रावणात घड बुडवतात. त्याला बोलीत ‘जीए’ म्हणतात. हे वनस्पतीचे संप्रेरक असून मानवी संप्रेरक म्हणून काम करत नाही. त्याच्या प्रमाणाचे व फवारणीच्या काळाचे नियम पाळणे हा स्वतंत्र विषय आहे.

फळे पिकवण्यासाठी इथिलीन वायू दशलक्षात १०० भागांपर्यंत वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची अनुमती आहे. कॅल्शियम कार्बाइडचा वापर मात्र प्रतिबंधित आहे. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरसची घातक संयुगे असू शकतात. ‘औषध मारलेली फळे’ या एकाच शब्दप्रयोगात परवानगी असलेली व निषिद्ध अशी दोन्ही द्रव्ये एकत्र केली जातात.

ब्रॉयलर कोंबडी

ब्रॉयलर पक्षी पाच-सहा आठवड्यांत विक्रीयोग्य होतो, तो निवडक पैदास, संतुलित खाद्य व व्यवस्थापन यांमुळे. वाढीचे संप्रेरक प्रथिनस्वरूप असल्याने खाद्यातून दिल्यास पचून जाते. हजारो पक्ष्यांना ते वारंवार टोचणे व्यवहार्यही नाही. कुक्कुटपालनात प्रतिजैविकांचा अतिवापर हा खरा चिंतेचा विषय आहे. संप्रेरकांच्या अफवेमुळे तो बाजूला पडतो.

विश्वासाचे संप्रेरक

नाकावाटे दिलेल्या ऑक्सिटोसिनने माणसांतील परस्परविश्वास वाढतो, असा निष्कर्ष २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका प्रयोगात निघाला होता. त्यावरून ‘प्रेमाचे संप्रेरक’ ही उपाधी रूढ झाली आणि तशा फवाऱ्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. नंतरच्या मोठ्या प्रयोगांत तो निष्कर्ष पुन्हा मिळू शकला नाही.

नामसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे जनावरांच्या उपचारात नित्य वापरले जाणारे प्रतिजैविक आहे. नावाची सुरुवात सारखी असली तरी त्याचा ऑक्सिटोसिनशी संबंध नाही. प्रतिजैविक दिलेल्या जनावराचे दूध ठरावीक दिवस विकू नये, हा नियम मात्र महत्त्वाचा आहे, कारण त्याचे अंश दुधात उतरतात.

बोव्हाइन सोमॅटोट्रोपिन हे गाईचे वाढीचे संप्रेरक होय. ते दूध उतरवत नाही, तर दुधाचे उत्पादन वाढवते. त्याच्या कृत्रिम रूपाला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. युरोपीय संघ व कॅनडा यांनी ती दिली नाही. त्याविषयीचा परदेशी मजकूर अनेकदा ऑक्सिटोसिनच्या नावाने प्रसारित होतो.

मिसोप्रोस्टॉल हे गोळीच्या रूपातील औषधही गर्भाशय आकुंचित करते. जेथे ऑक्सिटोसिन उपलब्ध नाही तेथे प्रसूतीनंतर रक्तस्राव रोखण्यासाठी ते देता येते. हेच औषध मिफेप्रिस्टोनसह वैद्यकीय गर्भपातासाठीही वापरले जाते. त्यामुळे बाळंतिणीला ‘गर्भपाताची गोळी’ दिली, असा गैरसमज होऊ शकतो.

मिथिलअर्गोमेट्रीन हेही रक्तस्राव रोखणारे औषध आहे. परंतु उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रीला ते देत नाहीत. ऑक्सिटोसिनला असे बंधन नाही.

लेव्होनॉरजेस्ट्रेलची आणीबाणीतील गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावयाची असून ती मुख्यतः बीजमोचन लांबवते. ती राहिलेला गर्भ पाडत नाही. पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी नॉरएथिस्टेरॉनची गोळी याहून भिन्न आहे. ती गर्भनिरोधक म्हणून विसंबण्याजोगी नाही आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असलेल्या स्त्रियांना ती वर्ज्य आहे. सरकारी केंद्रांत मिळणारी ‘छाया’ गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या सेंटक्रोमनची असून ती स्टेरॉइड संप्रेरक नाही. या सर्वांना सरसकट ‘हार्मोनच्या गोळ्या’ म्हटल्याने एकीचे दुष्परिणाम दुसरीच्या माथी मारले जातात.

२०१८ ची बंदी व न्यायालयीन निर्णय

जनावरांवरील गैरवापराची दखल हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि मार्च २०१६ मध्ये निर्णय देताना ऑक्सिटोसिनचे उत्पादन केवळ सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांकडे मर्यादित ठेवण्याच्या शक्यतेचा विचार करण्यास सुचवले. पुढे २७ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम २६अ खाली अधिसूचना काढली. देशांतर्गत वापरासाठी खासगी कंपन्यांनी ऑक्सिटोसिन तयार करू नये आणि औषध दुकानांतून त्याची किरकोळ विक्री होऊ नये, असा तिचा आशय होता. उत्पादन केवळ कर्नाटक अँटिबायोटिक्स अँड फार्मास्युटिकल्स या बंगळुरूच्या सरकारी कंपनीकडे राहणार होते. १ जुलैपासून होणारी अंमलबजावणी नंतर १ सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी तुटवड्याची भीती व्यक्त केली. एकाच कारखान्यावर देशभरातील प्रसूतिगृहे अवलंबून राहिली असती आणि तेथे अडचण आल्यास त्याची किंमत मातांना मोजावी लागली असती, असा त्यांचा मुद्दा होता. ऑल इंडिया ड्रग अॅक्शन नेटवर्क ही संस्था व काही औषध कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती एस. रवींद्र भट व ए. के. चावला यांच्या खंडपीठाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही अधिसूचना रद्द केली. औषधाची जीवरक्षक उपयुक्तता, पुरेशा वैज्ञानिक आधाराचा अभाव आणि तुटवड्याचा संभाव्य परिणाम यांचा विचार न करता निर्णय घेतला गेला, असे न्यायालयाचे मत होते. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले व ऑगस्ट २०१९ मध्ये हे प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

या प्रकरणात गैरवापर खरा होता आणि त्यावर केलेला उपायही गंभीरपणे योजलेला होता. तथापि बेकायदा बाटल्या परवानाधारक कारखान्यांतूनच येतात असे गृहीत धरले, तरच परवानाधारक उत्पादन थांबवण्याला अर्थ राहतो. बेकायदा माल परवान्याविना तयार होत असेल, तर बंदीचा भार गोठ्यावर न पडता प्रसूतिगृहावर पडतो.

अफवांचे परिणाम

अशा अफवांचा आर्थिक फटका उत्पादकांना बसतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये ब्रॉयलर कोंबडीचा संबंध करोना विषाणूशी जोडणाऱ्या संदेशांमुळे महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांचे भाव कोसळले. त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटोवरील वनस्पती-विषाणू माणसाला घातक असल्याची चर्चा पसरली व टोमॅटो उत्पादकांत चिंता निर्माण झाली. वनस्पतींचे विषाणू माणसात रोग निर्माण करत नाहीत, असे स्पष्टीकरण तज्ज्ञांना द्यावे लागले.

आरोग्यावरील परिणाम अधिक गंभीर असू शकतो. ‘जनावरांना देतात ते इंजेक्शन’ अशी ओळख झालेल्या औषधाला बाळंतिणीच्या घरच्यांनी विरोध केल्यास प्रसूतीनंतरचे मोलाचे क्षण वाया जातात. दुसरीकडे, सर्वच दावे खोटे ठरवल्यास गोठ्यातील खऱ्या छळाकडेही दुर्लक्ष होते.

दाव्यांची पारख

संप्रेरकांविषयीच्या कोणत्याही दाव्याचा विचार करताना काही प्रश्न उपयोगी ठरतात. ते द्रव्य नेमके कोणते आणि ते प्राण्याचे संप्रेरक आहे की वनस्पतीचे? ते पेप्टाइड किंवा प्रथिन आहे, की स्टेरॉइड? पहिल्या प्रकारातील द्रव्ये बहुधा पोटात पचतात. दुसऱ्या प्रकारातील अनेक द्रव्ये गोळीच्या रूपानेही परिणाम करतात. ते कोणाला, कोणत्या मार्गाने, किती मात्रेत व केव्हा दिले? आणि दाव्यात सांगितलेला परिणाम त्या संप्रेरकाच्या ज्ञात कार्याशी जुळतो का?

ऑक्सिटोसिनला हे प्रश्न लावले असता पुढील चित्र दिसते. रोज टोचले जाणारे जनावर त्रास सोसते, ही बाब खरी आहे. कळा वाढवण्यासाठी ते घरी टोचणे धोक्याचे आहे, हीही बाब खरी आहे. दूध पिणाऱ्या मुलीला, भोपळ्याच्या वेलीला किंवा द्राक्षाच्या मण्याला त्याचा परिणाम होतो, हे मात्र खरे नाही. प्रसूतीनंतर योग्य तापमानात ठेवलेली एक मात्रा रक्तस्राव रोखते, हा त्याचा सर्वाधिक सिद्ध झालेला उपयोग आहे.

औषधाविषयी शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकीय दवाखाना, पिकांच्या बाबतीत नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचा सल्ला घेता येतो. बेकायदा विक्रीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.